क्रीम लावल्यावर आप्पांचं कपाळ लालबुंद झालं, म्हणजे कॅन्सर पसरला का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचे आप्पा ६८ वर्षांचे, निफाडकडे द्राक्षबाग, आयुष्य उन्हात गेलेलं, रंगाने गोरेपान. कपाळावर आणि कानशिलांवर खरखरीत डाग, ते डॉक्टरांनी अ‍ॅक्टिनिक केराटोसिस (उन्हाने आलेले, पुढे कॅन्सर होऊ शकणारे डाग) सांगितले आणि ५ टक्के फ्लुरोयुरॅसिलची क्रीम दिली. पाठीवर एक लालसर चट्टा, त्याचा तुकडा तपासला तर सुपरफिशियल बेसल सेल कार्सिनोमा (चामडीचा वरवरचा कॅन्सर) निघाला, त्याला इमिक्विमॉड क्रीमची पाकिटं दिली. बाराव्या दिवशी कपाळ लालबुंद, सोललं, पाणी यायला लागलं, घरातले घाबरले, शेजारच्यांनी सांगितलं की ट्यूबमुळे कॅन्सर पसरला, मग क्रीम बंद करून मेडिकलवाल्याकडून दुसरी ट्यूब आणून ती लावली. आणि तुमचा खरा प्रश्न शेवटी आहे, की कॅन्सर आहे तर ऑपरेशन का नाही, ट्यूब देऊन डॉक्टर वेळ मारून नेतायत का.

मी नाशिकमध्ये २२ वर्षं चामडीचे पेशंट बघते. हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा रात्री फोन करून रडत विचारतं, म्हणून जरा नीट लिहिते.

पहिलं म्हणजे कॅन्सर पसरलेला नाही. तुम्ही जे वर्णन केलंय ती या औषधाची ठरलेली रिअ‍ॅक्शन आहे. फ्लुरोयुरॅसिल हे मुळात कीमोथेरपीचंच औषध, पेशीला डीएनए बनवायला जो एक कच्चा माल लागतो तो बनवणारं एन्झाइम ते बंद पाडतं, त्यामुळे ज्या पेशी भराभर वाढतायत त्या आधी मरतात आणि शेजारची चांगली चामडी त्यामानाने कमी भाजते. हे औषध १९५७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हायडलबर्गर यांनी तयार केलं, ते पोटातल्या वगैरे कॅन्सरसाठी शिरेतून द्यायचे, तर डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्या पेशंटच्या चेहऱ्यावरचे उन्हाचे जुने खरखरीत डाग आधी लाल होतायत आणि मग गळून जातायत. तिथून ते वरून लावायची कल्पना आली. म्हणजे लाल होणं हीच मुळात या औषधाची ओळख आहे.

साधारण कसं चालतं ते सांगते. पहिले चार-पाच दिवस काहीच होत नाही, लोकांना वाटतं क्रीम डुप्लिकेट आहे. मग लाली यायला लागते, आणि गंमत म्हणजे जिथे तुम्हाला काही दिसत नव्हतं तिथेही येते, कारण उन्हाने खराब झालेल्या पण अजून वर न आलेल्या पेशी तिथे असतात. दुसऱ्या आठवड्यात आग, सोलपट, खपल्या, कुठे कुठे ओलं. कपाळाला साधारण २ ते ४ आठवडे दिवसातून दोनदा असा कोर्स असतो, नंतर बंद केल्यावर दोन-चार आठवड्यांत चामडी भरून येते, गुलाबीपणा त्यानंतरही महिना-दोन महिने राहू शकतो. तिसऱ्या आठवड्यातला चेहरा बघून कुणीही घाबरेल, म्हणून मी स्वतः पेशंटला क्रीम लिहून देताना आधीच्या एका पेशंटचे परवानगीने काढलेले फोटो दाखवते, सातवा दिवस, पंधरावा दिवस, आणि दोन महिन्यांनंतरचा. आणि एकट्या पेशंटला नाही, बायको किंवा मुलगी-सून जी कोण सोबत असेल तिला दाखवते, कारण औषध बंद करायचा निर्णय घरातलेच घेतात. तुम्हाला हे कुणी आधी दाखवलं नाही त्याचं मला वाईट वाटतं, त्यात चूक तुमची नाही.

आता बारा दिवसांवर बंद केलं त्याचं काय. कपाळावर बारा दिवसांत एवढी रिअ‍ॅक्शन आली असेल तर बरंचसं काम झालेलंही असू शकतं, त्यामुळे स्वतःहून परत सुरू करू नका, आहे तसे फोटो काढा आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, ते ठरवतील की पुरे की अजून थोडे दिवस. तोपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं, साधं व्हॅसलिन लावायचं, खपल्या ओढायच्या नाहीत. मात्र पिवळा पू येत असेल, डोळा सुजला असेल, ताप असेल, किंवा तोंडात फोड येऊन जुलाब सुरू झाले असतील तर थांबू नका, त्याच दिवशी जा. तोंडात फोड आणि जुलाब हे फार क्वचित होतं पण काही लोकांच्या अंगात हे औषध मोडून टाकणारं एन्झाइमच जन्मतः कमी असतं, त्यांना क्रीमनेसुद्धा त्रास होऊ शकतो.

आणि ती मेडिकलवाल्याची ट्यूब. नाव तुम्ही लिहिलं नाही पण माझा अंदाज आहे की ती आपल्याकडे गजकर्णासाठी सर्रास देतात ती स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असलेली असणार. ती आजच बंद करा. स्ट्राँग स्टिरॉइडने लाली दबते, घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि खाली काय चाललंय ते डॉक्टरांनाही दिसेनासं होतं. माझ्याकडे सिन्नरकडच्या एक आजी आल्या होत्या, पायावरच्या चट्ट्याला दीड वर्ष अशीच ट्यूब, नायटा समजून. तुकडा तपासला तर बोवेन्स डिसीज, म्हणजे चामडीच्या वरच्या थरातला कॅन्सर, आणि एका कोपऱ्यात तो खाली उतरायला लागला होता. दीड वर्षापूर्वी त्या साध्या क्रीमने बऱ्या झाल्या असत्या, आता ऑपरेशन करून वर मांडीची चामडी लावावी लागली. कोर्स संपल्यावर आग शमवायला डॉक्टर कधी कधी सौम्य स्टिरॉइड चार-आठ दिवस देतात, ती गोष्ट वेगळी.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ट्यूबने कॅन्सर बरा होतो का. होतो, पण फक्त वरवरचा. सगळा खेळ खोलीचा आहे. तुम्ही बागायतदाराच्या घरातल्या आहात म्हणून बागेतलंच उदाहरण देते. ओळीत वरवरचं गवत उगवलं असेल तर वरून फवारलं की जळून जातं. पण लव्हाळा असेल तर? वरची पाती जळतात, आप्पा म्हणतील झालं साफ, आणि खालच्या गाठीतून पंधरा दिवसांत परत कोंब. आपल्या चामडीचा वरचा थर कागदाइतका पातळ, क्रीम तेवढ्यात आणि त्याच्या जरा खालपर्यंत नीट पोचते. अ‍ॅक्टिनिक केराटोसिस, बोवेन्स, सुपरफिशियल बेसल सेल, हे तिघं त्या थरात किंवा त्याला चिकटून असतात. गाठ झालेला बेसल सेल, चामडीत मुळं पसरलेला बेसल सेल, आत शिरलेला स्क्वॅमस सेल कॅन्सर, आणि मेलॅनोमा (चामडीच्या रंगपेशींचा कॅन्सर), हे लव्हाळे आहेत. त्यांना क्रीम लावली तर वरून चामडी छान भरून येते आणि खाली तो निवांत वाढत राहतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी पाठीचा तुकडा आधी तपासला आणि मग क्रीम दिली, हे अगदी बरोबर केलं. वेळ मारून नेणारा डॉक्टर तुकडा काढायच्या भानगडीत पडत नाही.

दोन औषधं वेगळी का, तर कपाळावरचा प्रश्न एका डागाचा नाहीये. पन्नास वर्षांचं ऊन अख्ख्या कपाळाने खाल्लंय, आज चार डाग दिसतायत, अजून दहा उगवायच्या बेतात आहेत. असे सुटे डाग नायट्रोजनने गोठवता येतात, मी पण करते, पण पूर्ण वाफ्यातच बी पडलेलं असेल तेव्हा अख्ख्या भागाला क्रीम बरी. नेदरलँड्समध्ये ६२४ पेशंटवर चार उपचारांची सरळ तुलना झाली, २०१९ मध्ये ती छापून आली, त्यात वर्षभराने चांगला फायदा टिकलेले पेशंट फ्लुरोयुरॅसिलमध्ये शंभरात जवळपास ७५, इमिक्विमॉडमध्ये ५४, क्रीम लावून लाइट देण्याच्या फोटोडायनॅमिक उपचारात ३८ आणि इन्जेनॉल नावाच्या जेलमध्ये २९. म्हणजे सगळ्यात जुनं औषध सगळ्यात पुढे. अमेरिकेत माजी सैनिकांवर केलेल्या एका अभ्यासात चेहरा आणि कानांवर या क्रीमचा एकच कोर्स दिला तर पुढच्या एका वर्षात ऑपरेशन लागणारे स्क्वॅमस सेल कॅन्सर ७५ टक्क्यांनी कमी झाले, वर्षानंतर तो फायदा ओसरला. मी हे आकडे पेशंटना मुद्दाम सांगते, कारण तीन आठवडे भाजलेलं कपाळ घेऊन फिरायला माणसाला काहीतरी कारण हवं ना.

पाठीवरचं इमिक्विमॉड मात्र वेगळ्या वाटेने जातं. ते स्वतः पेशी मारत नाही, चामडीतल्या प्रतिकारशक्तीला जागं करतं, मग आपलेच सैनिक पेशी येऊन तो कॅन्सर साफ करतात. हे आधी १९९७ मध्ये गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी आलं, २००४ मध्ये या कामासाठी मान्यता मिळाली. सुपरफिशियल बेसल सेलला आठवड्यातून ५ दिवस, रात्री झोपताना, असे ६ आठवडे, डागाच्या कडेला साधारण एक सेंटिमीटर जास्तीचा भाग धरून, आणि सकाळी आठेक तासांनी धुऊन टाकायचं. इथेही लाल होणार, खपली धरणार, वर काही लोकांना अंगदुखी, कणकण, फ्लूसारखं वाटतं, दोन-तीन दिवस गॅप दिला तर चालतं पण तो डॉक्टरला विचारून. या डागासाठी तीन उपचारांची तुलना झाली तेव्हा ५ वर्षांनी डाग परत न आलेले पेशंट इमिक्विमॉडमध्ये ८०.५ टक्के, फ्लुरोयुरॅसिलमध्ये ७० आणि फोटोडायनॅमिकमध्ये ६२.७ होते, म्हणून पाठीला हे आणि कपाळाला ते. डॉक्टरांनी विचार करून दिलंय.

आता मी प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगते. ऑपरेशन क्रीमपेक्षा खात्रीचं आहे. इंग्लंडमध्ये कमी धोक्याच्या बेसल सेलवर ऑपरेशन आणि इमिक्विमॉड यांची तुलना झाली, ५ वर्षांनी ऑपरेशन ९७.७ टक्के यशस्वी आणि इमिक्विमॉड ८२.५ टक्के. म्हणजे शंभरातल्या पंधरा लोकांचा फरक आहे, तो लहान नाही. मग क्रीम का द्यायची? तर पाठीवर, छातीवर चामडी ताणलेली असते, तिथे टाक्यांचा व्रण रुंद आणि जाड होतो, कुणाला शुगर असते, कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असतं, कुणाला ऑपरेशनचीच भीती असते, आणि हा कॅन्सर सावकाश वाढणारा, शरीरात दुसरीकडे जवळपास कधीच न जाणारा, त्यामुळे क्रीम फसली तरी ऑपरेशनचा रस्ता उघडा राहतो. तुमच्या आप्पांनी जर सांगितलं की मला एकदाच काय ते कापून मोकळं करा, तर तेही चुकीचं नाही, डॉक्टरांशी बोला. पण हाच डाग नाकावर, पापणीजवळ, ओठावर किंवा कानावर असता तर मी क्रीमचं नावच काढलं नसतं, तिथे तो चिवट असतो आणि खोलवर शिरतो.

आपल्याकडे अजून एक घोळ होतो तो सांगायलाच हवा. पुस्तकात बेसल सेल गुलाबी, मोत्यासारखा चमकणारा दाखवतात, आपल्या सावळ्या चामडीत तो बहुतेक वेळा काळा असतो, तिळासारखा किंवा मसासारखा. मग लोक म्हणतात तीळ मोठा झालाय, आणि पार्लरमध्ये नाहीतर कुठेतरी मशीनने जाळून घेतात, तुकडा तपासायला कुणी पाठवत नाही. नाहीतर बिब्बा घालतात, रुईचा चीक लावतात, चुना-सोडा लावतात. मी आदिवासी भागातून, पेठ-सुरगाण्याकडून आलेले असे चेहरे बघितलेत, त्या माणसांना मी कधी रागावत नाही कारण तिथून नाशिकला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. पण बिब्ब्याने निरोगी आणि रोगी दोन्ही चामडी सारखीच जळते, वरून व्रण तयार होतो आणि व्रणाखाली कॅन्सर लपतो. झाडाचा चीक म्हणजे निरुपद्रवी असं कुणी म्हटलं की मी त्यांना इन्जेनॉलची गोष्ट सांगते. आपल्या शेराच्याच कुळातल्या एका छोट्या तणाच्या चिकातून ते काढलं होतं, २०१२ मध्ये रीतसर औषध म्हणून बाजारात आलं, दोन-तीन दिवसांचा कोर्स, सगळे खूश. नंतर लक्षात आलं की जिथे लावलं तिथे पुढे कॅन्सर जास्त निघतायत, आणि २०२० मध्ये युरोपात त्याची मान्यता गेली. एवढी शुद्ध करून, मोजून दिलेल्या चिकाची ही तऱ्हा.

तुमच्या भावाने विचारलंय की सांधेदुखीची डायक्लोफेनॅक जेल घरात आहे, ती या डागांना चालते असं वाचलंय. चालते ती ३ टक्के डायक्लोफेनॅक आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच्या बेसमधली, दिवसातून दोनदा आणि दोन-तीन महिने, आणि तीसुद्धा सौम्य डागांनाच. गुडघ्याला चोळायची साधारण १ टक्क्याची असते, वर त्यात मेंथॉल, विंटरग्रीन तेल, ती चेहऱ्याला लावू नका. परदेशात टिरबानिब्युलिन नावाचं मलम २०२० च्या शेवटी मंजूर झालं, फक्त ५ दिवस लावायचं, आग कमी, पण आज आप्पांसाठी त्याच्यामागे धावायची गरज नाही. त्यापेक्षा फ्लुरोयुरॅसिलमध्ये सोरायसिसचं कॅल्सिपोट्रिऑल मिसळून दिवसातून दोनदा फक्त ४ दिवस लावायची पद्धत आहे, २०१७ पासून त्यावर चांगला अभ्यास आलाय, दोन्ही औषधं माहितीतली. ज्यांना तीन आठवडे जमणारच नाहीत त्यांना मी हे देते. फक्त त्यात लाली औषध बंद झाल्यावर चढते हे आधी सांगून ठेवावं लागतं.

वेळ कधीची निवडायची हा मला फार महत्त्वाचा मुद्दा वाटतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. तुम्ही क्रीम सुरू केली ऐन ऑक्टोबर छाटणीत, आप्पा सकाळपासून बागेत, ऊन, धूळ, घाम, फवारणी, सोललेल्या कपाळावर हे सगळं. त्रास दुप्पट होणारच. मी बागायतदारांना शक्य तर ऑगस्टमध्ये बसवते, आभाळ असतं, बागेत काम त्यामानाने कमी, माणूस तीन आठवडे सावलीत राहू शकतो. अ‍ॅक्टिनिक केराटोसिस दोन-तीन महिने थांबला तर सहसा बिघडत नाही. पण डाग जाड होतोय, दुखतोय, रक्त येतंय, तर थांबायचं नाही, त्याचा तुकडाच तपासायचा.

फवारणीवरून तुम्ही विचारलंय की बागेच्या औषधांमुळे झालं का. द्राक्ष आणि चामडीचा कॅन्सर यांचा एक जुना संबंध आहे खरा. जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यातले द्राक्ष बागायतदार शंभर वर्षांपूर्वी आर्सेनिकचे फवारे मारायचे आणि आर्सेनिक मिसळलेलं हलकं पेयही घरात प्यायचं चालायचं, त्यांच्या तळहातांवर घट्टे आणि अंगावर बोवेन्सचे चट्टे यायचे, १९४२ मध्ये तिथे आर्सेनिकवर बंदी आली. आपलं बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, त्यात आर्सेनिक नाही. आप्पांचं कपाळ आणि कानशिलं हीच जागा उन्हाकडे बोट दाखवते. बघा ना, आपली पांढरी टोपी डोकं झाकते पण कपाळ, कान, नाक उघडंच राहतं. वरून उपरणं कानांवरून गुंडाळलं, नाहीतर रुंद काठाची हॅट घातली तर फार फरक पडतो. तळहात-तळपायांवर घट्टे असतील, किंवा कुणाकडून भस्म-पुड्यांची औषधं वर्षानुवर्षं खाल्ली असतील तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अजून एक, ज्यांच्या घरात लहान मूल आहे आणि दोन वर्षांच्या आतच त्याच्या चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके यायला लागलेत, उन्हात डोळे उघडत नाही, त्यांनी ते अंगावर काढू नये. नात्यात, मामाच्या मुलीशी वगैरे लग्न झालेल्या घरांत झेरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा आजार जास्त दिसतो, त्यात शाळेच्या वयात चामडीचे कॅन्सर होतात. या मुलांनाही हीच दोन औषधं वापरतात, आणि उन्हापासून जपलं तर आयुष्य वाढतं. आणि मिश्री-तंबाखूमुळे तोंडात आलेल्या पांढऱ्या चट्ट्याला यातली कुठलीच क्रीम लावायची नाही, तो वेगळा विषय, दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

लावायच्या पद्धतीत चुका होतात म्हणून तेवढं लिहिते. धुऊन, पुसून दहा मिनिटं चामडी पूर्ण कोरडी होऊ द्या. हरभऱ्याएवढी क्रीम कपाळाला पुरते, जास्त लावून लवकर बरं होत नाही. डोळ्यांपासून, नाकाच्या घडीपासून, ओठांच्या कोपऱ्यांपासून लांब. झोपायच्या तासभर आधी लावा, नाहीतर उशीला लागून सकाळी डोळ्यात जाते. पाठीवर आप्पांचा हात पोचणार नाही, आईच लावत असतील, त्यांना हातमोजे द्या, घरात कुणी सून-मुलगी गरोदर असेल तर तिने या क्रीमला अजिबात हात लावायचा नाही. आणि मळ्यात कुत्रं असेलच, फ्लुरोयुरॅसिलची ट्यूब कुत्र्याने चावली तर ते मरू शकतं, लावलेलं कपाळही चाटू देऊ नका, ट्यूब कपाटात ठेवा.

खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलला चामडीची ओपीडी आहे, तिथेही दाखवता येईल, संकोच करू नका. तुकड्याचा रिपोर्ट मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवा, पुढे परळला टाटाला जायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच मागतात. कोर्स संपल्यावर चामडी शांत व्हायला वेळ द्यायचा, पाठीचा डाग साधारण तीन महिन्यांनी बघायचा, त्याआधी लाली दिसली म्हणून कॅन्सर उरला असं धरू नका. तेव्हा शंका असेल तर परत छोटा तुकडा. त्या जागी गोरा किंवा काळपट डाग राहू शकतो, इमिक्विमॉडने कधी कधी कोडासारखा पांढरा डाग कायमचा राहतो, हे आप्पांना आत्ताच सांगून ठेवा. मग वर्षातून निदान दोनदा अख्खं अंग तपासून घ्यायचं, कपडे काढून, तळपायसुद्धा, कारण आपल्या लोकांत मेलॅनोमा तिथेच जास्त सापडतो.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: कपाळाचा कोर्स पुरे झाला का, पाठीचं इमिक्विमॉड मध्ये थांबलं तर दिवस परत पहिल्यापासून मोजायचे का, आणि कपाळावरच्या डागांपैकी एखादा हाताला जाड, पॉलिश पेपरपेक्षा कडक लागतोय का. तिसरं उत्तर हो असेल तर त्या डागाचा तुकडा घ्यायला सांगा. ती मेडिकलची ट्यूबपण सोबत न्या, म्हणजे त्यात काय होतं ते त्यांना वाचता येईल. आणि कपाळाचे फोटो इथे टाकले तरी चालतील, नाव-चेहरा झाकून, मी बघेन.